अफगाण पुलवारीची ओळख

जुनी वक्राकार शस्त्रे पाहिली की आपण त्यांना सरसकट तलवार म्हणून मोकळे होतो. अफगाणांची ‘पुलवार’ मात्र मुठीवरून ओळखावी. हिंदुस्थानी तलवारीच्या मुठीस वर चपटी तबकडी असते. पुलवारीस पोकळ वाटीसारखा गोल असतो, आणि मुठीच्या दोन्ही आडव्या बाहूंची टोके पात्याकडे झुकलेली असतात. एवढ्याने पातेही अफगाणच ठरते असे नव्हे. पाती इराणातून येत, हिंदुस्थानातूनही येत. इराणात नावाजलेले पोलाद तरी कोठले? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इस्फहानचा व्यापारी ते विकत घ्यावयास तेलंगणातील कोनासमुद्रमला येत असे!

हा सारा पुरावा एका दुपारच्या उत्साहात नष्ट होऊ शकतो. फिरत्या चाकावर पाते घासले की पोलादातील जौहराची लहर बुजते, मुठीवरील कोफ्तगरीचे सोने निघून जाते. पात्याचा मुठीत शिरणारा भाग बहुधा लाखेने बसविलेला असतो. म्हणून मूठ तापवू नये. आमच्या मते तांबडा गंज तेवढा तेल लावून, धीराने, थोडाथोडा सोडवावा. काळा, घट्ट थर राहू द्यावा. चकाकी कमी दिसेल, दिसो. शेवटी तेलाचा पातळ हात फिरवून पाते म्यानाबाहेर ठेवावे. जुने चामडे ओल धरते.