महाराष्ट्रातील जीवनमानाची प्रादेशिक तुलना

महाराष्ट्रातील जीवनमानाची प्रादेशिक तुलना म्हणजे राज्यातील विभाग, जिल्हे व तालुके यांमधील उत्पन्न, आरोग्य, शिक्षण, पाणी, रस्ते इत्यादींच्या स्थितीचे एकमेकांशी केलेले मापन होय. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मुळे या विषयाला केवळ अभ्यासाचे नव्हे, तर निधिवाटपाचेही महत्त्व आहे. तुलनेसाठी कोणते माप घ्यावे आणि कोणता भूभाग एकक मानावा, यांवर मागास कोण हे ठरते. त्यामुळे मापनाची पद्धत हाच येथे वादाचा मुख्य मुद्दा राहिला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्याच्या उदाहरणावरून हा प्रश्न विशेष स्पष्ट होतो.

मापदंडांचा इतिहास

भारतात दरडोई उत्पन्नाचा पहिला नावाजलेला अंदाज मुंबईच्या दादाभाई नौरोजी यांनी मांडला. १८६७–६८ सालासाठी त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील माणशी वार्षिक उत्पन्न २० रुपये काढले आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर होणाऱ्या खर्चाशी त्याची तुलना केली. केवळ दोन देशांचे आकडे शेजारी न ठेवता, त्या पैशांत माणूस जगू शकतो का, हा प्रश्न त्यांनी विचारला होता. पुढे १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील अभ्यासात हाच प्रश्न दिवसाला २,२५० उष्मांकांच्या आधारे मांडला. १९६०–६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात दरमहा १५ रुपये व शहरात २२.५० रुपये ही त्यांची दारिद्र्यरेषा होती.

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९० पासून मानव विकास निर्देशांक प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने व अमर्त्य सेन यांच्या विचारांच्या आधारे तो तयार झाला. आयुर्मान, शिक्षण आणि क्रयशक्तीनुसार समायोजित दरडोई उत्पन्न हे त्याचे तीन घटक आहेत. २०१० पासून त्यांचा भूमितीय मध्य काढला जातो. त्यामुळे एका घटकातील मोठी उणीव दुसऱ्यातील आधिक्याने सहज झाकली जात नाही.

श्रीमंत देशांच्या तुलनेतील अडचणी

श्रीमंत देशांची आपापसांत तुलना करताना या मापांच्या मर्यादा ठळक होतात. नॉर्वे, स्वित्झर्लंड, आइसलँड हे देश निर्देशांकात वरच्या स्थानी असतात आणि त्यांच्यातील अंतर हजारांशांत मोजावे लागते. अशा क्रमवारीतील एखाद्या स्थानाची चढउतार फारशी अर्थपूर्ण नसते. अमेरिकेचे दरडोई उत्पन्न जपानपेक्षा बरेच अधिक असले, तरी जपानी माणूस सरासरीने अधिक वर्षे जगतो.

उत्पन्न कोठे मोजले जाते आणि ते कोणाच्या हाती पडते, यांतही फरक असतो. लक्झेंबर्गमधील कामगारांपैकी जवळजवळ निम्मे शेजारच्या फ्रान्स, बेल्जियम व जर्मनीतून रोज ये-जा करतात. त्यांचे उत्पादन लक्झेंबर्गच्या खात्यावर जमा होते, पण दरडोई आकडा काढताना भाजकात त्यांची गणना होत नाही. आयर्लंडचे स्थूल देशांतर्गत उत्पादन २०१५ मध्ये सुमारे एक चतुर्थांशाने वाढले. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा त्या देशात नोंदवली, हे त्याचे मुख्य कारण होते. आयरिश कुटुंबांची मिळकत काही त्या प्रमाणात वाढली नव्हती. म्हणून त्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने पुढे सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचे वेगळे माप वापरात आणले. फ्रान्सने २००८ मध्ये नेमलेल्या स्टिग्लिट्झ, सेन व फितूसी यांच्या आयोगानेही उत्पादनापेक्षा कुटुंबांचे उत्पन्न, उपभोग व त्यांचे वाटप यांवर भर देण्याची शिफारस केली.

याच अडचणी महाराष्ट्रात लहान प्रमाणावर आढळतात. दरडोई जिल्हा उत्पन्नात मुंबई, ठाणे व पुणे वर, तर बुलढाणा, वाशिम, हिंगोली, नंदुरबार, गडचिरोली हे जिल्हे खाली दिसतात. हे अंतर खरे आहे, पण त्याच्या आकाराबाबत सावधगिरी हवी. अनेक बँका व कंपन्यांची मुख्यालये मुंबईत आहेत आणि मुंबईत काम करणारे लाखो लोक ठाणे व पालघर जिल्ह्यांत राहतात. उलट, पुण्या-मुंबईला कामासाठी गेलेल्या वऱ्हाडातील माणसाने घरी पाठवलेला पैसा त्याच्या मूळ जिल्ह्याच्या उत्पादनात दिसत नाही.

नागपूर करार ते अनुशेष

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ व मराठवाडा यांना एकत्रित मराठी राज्यात विकासाच्या समन्यायी वाट्याचे आश्वासन दिले. १९५६ मध्ये अनुच्छेद ३७१(२) द्वारे विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली. प्रत्यक्ष मंडळे मात्र १९९४ मध्ये अस्तित्वात आली.

दरम्यान १९८३ मध्ये राज्य शासनाने प्रादेशिक असमतोलाच्या सत्यशोधनासाठी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९८४ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या या समितीने उत्पन्नाऐवजी सोयी मोजल्या. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा आदी नऊ क्षेत्रांत राज्याची सरासरी काढून, जो जिल्हा सरासरीखाली असेल त्याची तूट म्हणजे ‘अनुशेष’ अशी व्याख्या केली गेली. ही तूट भरून काढण्याचा खर्च सुमारे ३,१८७ कोटी रुपये ठरला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के व मराठवाड्याचा २४ टक्के होता.

उर्वरित महाराष्ट्राचा हा मोठा वाटा अनेकांना अनपेक्षित होता. त्याचे कारण पद्धतीत होते. एखादा जिल्हा सरासरीच्या वर असला, तर त्याचे आधिक्य शेजारच्या जिल्ह्याच्या तुटीतून वजा केले जात नव्हते. कोकणातील वा दुष्काळी पट्ट्यातील जिल्ह्याची तूट कोल्हापूरच्या सुबत्तेने झाकली जाऊ नये, हा त्यामागील विचार होता. विदर्भातील टीकाकारांना प्रदेश हेच एकक हवे होते. तसे केले असते, तर उर्वरित महाराष्ट्राचा वाटा बराच घटला असता. दोन्ही बाजूंकडे सबळ युक्तिवाद होते. जिल्हा एकक मानणे माणसांच्या गरजेच्या अधिक जवळ जाणारे होते, तर नागपूर करारातील वचन प्रदेशांना दिलेले होते.

राज्यपालांनी नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष सुमारे १४ हजार कोटी रुपये ठरवला. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम एकट्या सिंचनाची होती. सिंचनाची तुलना ‘प्रमाणित रब्बी समतुल्य’ या एककात केली जाते. वेगवेगळ्या पिकांना लागणाऱ्या पाण्याचे रूपांतर त्यात एकाच पिकाच्या हिशेबात करतात. काही वर्षांनी १९९४ च्या किमतींवर काढलेला आर्थिक अनुशेष निधी दिल्यामुळे संपल्याचे जाहीर झाले. तरीही अकोला, अमरावती, वाशिम व बुलढाणा या जिल्ह्यांचा भौतिक अनुशेष, म्हणजे प्रत्यक्ष पाणी न मिळालेल्या जमिनीचा हिशेब, शिल्लकच राहिला. भूसंपादन, पुनर्वसन व वाढत गेलेल्या किमती यांमुळे दिलेला पैसा व भिजलेले शेत यांचे प्रमाण जुळले नाही.

बुलढाणा जिल्हा आणि मेहकर

बुलढाणा जिल्ह्याची आकडेवारी एकाच निर्देशांकावर विसंबण्याचा धोका दाखवते. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालानुसार राज्याचा निर्देशांक ०.७५२ होता व बुलढाणा त्याखाली होता. मात्र २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८३.४ टक्के, म्हणजे राज्याच्या सुमारे ८२.३ टक्क्यांहून थोडी अधिक भरली. त्याच जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात ८९४, तर बुलढाण्यात अवघी ८५५ होती. शाळेच्या मापाने पुढे असलेला जिल्हा मुलीच्या जन्माच्या मापाने राज्यातील सर्वांत मागच्या जिल्ह्यांत मोडतो. जिल्हास्तरावर आयुर्मानाची विश्वसनीय आकडेवारी मिळणे कठीण असल्याने अशा अहवालांत अर्भकमृत्युदरासारखी पर्यायी मापे वापरावी लागतात. त्यामुळे जिल्ह्यांचे निर्देशांक आंतरराष्ट्रीय यादीतील देशांच्या निर्देशांकांशी थेट ताडून पाहणे योग्य नाही.

जिल्ह्याच्या सरासरीतही दोन भिन्न प्रदेश दडलेले आहेत. स्थानिक बोलीत त्यांना घाटावरचा आणि घाटाखालचा भाग म्हणतात. घाटाखाली पूर्णेचे, म्हणजे तापी खोऱ्यातील सपाट काळे रान आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही मुंबई–नागपूर लोहमार्गावरील स्थानके याच भागात आहेत. मात्र तेथील काही तालुके खारपाणपट्ट्यात येतात व त्यांचे भूजल पिण्यास व शेतीस अयोग्य आहे. घाटावरील मेहकर पैनगंगेच्या काठी, गोदावरी खोऱ्यात वसले आहे. मोगल काळात मेहकर वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. आज शारंगधर बालाजीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेल्या, २०११ मध्ये सुमारे ४५ हजार लोकसंख्येच्या या शहरास रेल्वे नाही. तालुक्याची अर्थव्यवस्था मुख्यतः कापूस, सोयाबीन, तूर या कोरडवाहू पिकांवर चालते.

खोरी वेगळी असल्यामुळे सिंचनाच्या जिल्हावार हिशेबात एक विसंगती उद्भवते. जिल्ह्याचा अनुशेष भरून काढण्यासाठी ज्या प्रकल्पावर मोठी भिस्त ठेवली गेली, तो जिगाव प्रकल्प नांदुरा तालुक्यात पूर्णेवर आहे. तो पूर्ण होऊन जिल्ह्याचा आकडा सुधारला, तरी त्याचे पाणी घाट चढून मेहकरला येत नाही. मेहकर तालुक्याचा आधार पैनगंगेवरील पेनटाकळीसारख्या तुलनेने लहान प्रकल्पांवर आहे.

२००६ मध्ये केंद्र शासनाने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे विशेष साहाय्य जाहीर केले. त्यांत बुलढाणा होता. तेथेही निवडीचे एकक जिल्हाच होते.

तालुका हे एकक

२०११ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला व तो डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. समतोल विकासाच्या नियोजनासाठी तालुका हे एकक घ्यावे, ही तिची महत्त्वाची भूमिका होती. तत्त्वतः मेहकर व शेगाव यांची स्वतंत्र नोंद त्यामुळे शक्य होते. अडचण आकडेवारीची आहे. उत्पन्नाचे अंदाज जिल्ह्याच्या खाली नियमितपणे केले जात नाहीत आणि तालुकास्तरावरील बरीच माहिती दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेवर अवलंबून असते. २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्याने तालुक्यांच्या तुलनेला अनेक वर्षे २०११ चेच आकडे वापरावे लागले. विदर्भात तालुक्यांना वेगळा प्रश्नही भेडसावतो. प्रदेशाच्या वाट्याची मागणी तालुक्यांच्या लहान हिशेबात विरून जाईल, अशी शंका अनुशेषाच्या पुरस्कर्त्यांनी या अहवालावर घेतली.

याच काळात तुलनेतील एक घटक वेगाने बदलला. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये व संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. रस्त्यांची लांबी मोजणाऱ्या पद्धतीत त्यामुळे तालुक्याची स्थिती सुधारलेली दिसते. या मार्गावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येत असल्याने, गावापासून त्या ठिकाणापर्यंतचा रस्ता कसा आहे, हे मात्र अशा मोजणीत येत नाही.

वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यानंतर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापन करण्याच्या प्रस्तावास मान्यता दिली.