मुलांचा ऑनलाइन छळ: पुरावा आणि तक्रार

वर्गाच्या ग्रुपवर सतत चिडवणे, फोटोत फेरफार करून तो पसरवणे, बनावट खाते उघडून बदनामी करणे, धमक्या देणे हा सायबर छळ आहे. मूल अचानक मोबाईल लपवू लागले किंवा शाळेत जायला टाळाटाळ करू लागले, तर शांतपणे विचारा. लगेच मोबाईल काढून घेऊ नका. त्या भीतीनेच बरीच मुले घरी काही सांगत नाहीत.

आलेले संदेश पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, त्यात समोरच्याचे खाते, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. पोस्टची लिंक जपून ठेवा, मगच खाते ब्लॉक करा. मात्र मुलाचे अश्लील छायाचित्र असेल, तर ते पुरावा म्हणूनही नातेवाइकांना किंवा शिक्षकांना पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६७ब नुसार असे चित्र पुढे पाठवणे हाही गुन्हा आहे. अशा वेळी थेट पोलिसांकडे जा.

राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर मुलांविषयीच्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. तपासाची प्रगती पाहायची असेल, तर नाव देऊनच करा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ चोवीस तास निःशुल्क आहे. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.

बचत गटाच्या किंवा गावाच्या ग्रुपवर मोठी माणसे कशी बोलतात, तेही मुले वाचतात. तुम्ही व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन असाल, तर कोणाचाही अपमानकारक संदेश तुम्हाला सर्वांसाठी काढून टाकता येतो.