वृत्तछायाचित्रणाकडे वळताना

लग्नाचे फोटो काढणारा छायाचित्रकार नवरा-नवरीला पुन्हा एकदा हार घालायला सांगू शकतो. जाहिरातीचे काम करणारा हवा तसा प्रकाश लावतो, मध्ये येणारी विजेची तार पुसून टाकतो. यात लबाडी काही नाही. त्या कामाची तीच रीत आहे. वृत्तछायाचित्रकाराला यातले काहीही करायची मुभा नाही. या विषयाचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

कॅमेरा तोच, रचनेची जाणही तीच. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, आणि ते शिक्षण त्यांच्या चौकटीतल्या माणसांच्या मांडणीत दिसते. पण १९४८ मध्ये गव्हर्नर जनरल माउंटबॅटन दिल्लीतून निघाले तो प्रसंग टिपताना गर्दी, ऊन, गडबड, सारे जसे होते तसेच त्यांना पत्करावे लागले.

हा नियम मोडला तर काय होते, ते एका उदाहरणातून दिसते. २००३ मध्ये इराकमधील बसराजवळ वृत्तछायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांनी एक ब्रिटिश सैनिक आणि भोवतीचे नागरिक यांची लागोपाठ छायाचित्रे काढली. एकात सैनिकाचा आविर्भाव ठसठशीत आला होता, दुसऱ्यात मूल कडेवर घेतलेला माणूस. संगणकावर दोन्ही जोडून त्यांनी एकच चित्र केले, आणि ते मूळच्या दोन्हींपेक्षा देखणे होते. मागची काही माणसे त्यात दोनदा दिसत असल्याचे उघड झाल्यावर ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने त्यांना कामावरून काढले. हा निर्णय कठोर होता, तरी मला तो योग्यच वाटतो. दोन्ही तुकडे खरे असले, तरी छापलेला क्षण घडलेलाच नव्हता.

असे छायाचित्र पुरावा म्हणून उभे राहू शकत नाही. याउलट, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकातील दहशतवादी हल्ल्यात वृत्तछायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा यांनी टिपलेले हल्लेखोर कसाबचे छायाचित्र पुढे न्यायालयात पुरावा ठरले, आणि डिसूझांनी तिथे साक्षही दिली.

छायाचित्र पुरावा ठरू शकते म्हणूनच फोटोओळीचे, म्हणजे त्याखालच्या मजकुराचे, महत्त्वही कळते. १९८४ मध्ये भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर छायाचित्रकार रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही दफन होत असलेल्या अनोळखी बालकाचे छायाचित्र घेतले. खाली स्थळ-काळ नसता तर उरला असता तो मातीतला एक चेहरा. ती ओळ त्याला युनियन कार्बाइडच्या कारखान्यापर्यंत नेते.

नव्या अभ्यासकाला म्हणून एवढीच विनंती: कोणतेही वृत्तछायाचित्र समोर आले की आधी त्याखालची ओळ वाचा, आणि स्वतः काढलेल्या छायाचित्राची ओळ त्याच दिवशी लिहून ठेवा.