मोटारीचे बुश : रबर, पॉलियुरेथेन की धातू?

वेगवान मोटार बाळगणारे हौशी चालक इंजिन, टायर आणि ब्रेक यांविषयी तासन्‌तास बोलू शकतात. सस्पेन्शनच्या आर्मच्या टोकाशी दाबून बसवलेला बुश मात्र तो खडखडू लागेपर्यंत कोणाच्या खिजगणतीत नसतो. वस्तुतः चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यातील प्रत्येक धक्का, प्रत्येक ब्रेक आणि स्टीअरिंगचा प्रत्येक हेलकावा या लहानशा भागातूनच पुढे जातो. तो कोणत्या पदार्थाचा असावा हा प्रश्न आरामापुरता मर्यादित नाही. चुकीच्या बुशमुळे आर्मला तडा जाऊ शकतो, आणि वळणावर गाडी चालकाच्या अपेक्षेपेक्षा वेगळ्या दिशेने सरकू शकते.

कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक मोटारींत रबराचा बुश असतो. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि दोहोंना घट्ट चिकटवलेले रबर अशी त्याची रचना असते. आर्म वर-खाली होताना यात काहीही घासत नाही. रबर स्वतःच पीळ खाते आणि सोडते. त्यामुळे त्याला ग्रीस लागत नाही, तो आवाज करीत नाही आणि चिखलातही निर्धास्त राहतो. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधकाच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची प्रक्रिया शोधून काढली. तिला आता पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली, तरी या कामासाठी नैसर्गिक रबराला सर्वार्थाने मागे टाकणारा पदार्थ सापडलेला नाही. कित्येक बुशमध्ये मुद्दाम पोकळ खाचा ठेवलेल्या असतात. ज्या दिशेने खाच असते त्या दिशेने बुश मऊ, तर आडव्या दिशेने कडक. खड्ड्यात चाक किंचित मागे जावे, पण वळणावर बाजूला सरकू नये, अशी ती योजना असते. हा बुश फिरवून चुकीच्या कोनात बसवला, तर नवा भाग घालूनही गाडी बिघडते.

रबराचे वैगुण्य त्याच्या मऊपणातच आहे. स्पर्धेच्या वेगाने वळताना बुश दबतो, आर्म जागचा हलतो आणि चाकाचा कोन बदलतो. स्टीअरिंग रॅकचेच उदाहरण घेऊ. रॅक ज्या रबरी बुशमध्ये धरलेला असतो त्यात तो केवळ एक मिलिमीटर सरकला आणि चाकाकडील स्टीअरिंग आर्म १२० मिलिमीटर लांबीचा असला, तर चाकाची दिशा जवळजवळ अर्ध्या अंशाने बदलते. व्हील अलाइनमेंट करताना याहूनही लहान कोन मोजून बसवले जातात. वळणात शिरताना गाडी ‘उशिरा ऐकते’ अशी जी तक्रार केली जाते, तिचे मूळ पुष्कळदा येथे असते. म्हणूनच खर्च बेताचा असेल, तर पहिला बदल रॅकच्या बुशपासून करावा. तेथे पीळ पडत नाही, केवळ घट्ट धरून ठेवण्याचे काम असते. कडक पदार्थ तेथे निर्धोकपणे चालतो.

असा कडक पदार्थ म्हणून सर्वांत लोकप्रिय झाला तो पॉलियुरेथेन. जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये तो तयार केला. रंगीबेरंगी पॉलियुरेथेन बुश आता घरपोच मागवता येतात आणि ते रबराचाच सुधारित अवतार आहेत अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. पॉलियुरेथेनचा बुश बहुधा आतल्या नळीला चिकटवलेला नसतो. नळी त्यात फिरते. म्हणजे जे काम रबर पीळ खाऊन करते, ते येथे घासून होते. त्यासाठी सिलिकॉन ग्रीस लागते आणि ते संपले की बुश कुरकुरू लागतो. अँटी-रोल बारसारख्या एकाच अक्षावर फिरणाऱ्या भागाला तो उत्तम शोभतो. मागील ट्रेलिंग आर्मचा बुश मात्र फिरतोही आणि तिरकाही होतो. तेथे कडक पॉलियुरेथेन घातले, तर आर्मची हालचाल अडते, अडलेला जोर धातूवर येतो आणि कालांतराने आर्म किंवा त्याची बैठक तडकते. सस्पेन्शन ‘टाइट’ झाल्याचा जो आनंद चालकाला सुरुवातीला होतो, तो कधी कधी या अडकण्याचाच असतो.

गोंदिया जिल्ह्यातील आमगावसारख्या ठिकाणी हा विचार आणखी बारकाईने करावा लागतो. उन्हाळ्यात पूर्व विदर्भाचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पावसाळा भरघोस असतो आणि धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल महिनोन्‌महिने पसरलेला असतो. तो वाळला की बारीक वाळू उरते. ही वाळू पॉलियुरेथेन आणि नळी यांच्यामध्ये शिरली, की कानशीसारखी काम करते. चिकटवलेल्या रबराला तिचे भय नाही. शिवाय पॉलियुरेथेनचे पॉलिएस्टर आणि पॉलिइथर असे दोन मुख्य प्रकार आहेत. पॉलिएस्टर जातीचे उष्ण व दमट हवेत पाण्यामुळे हळूहळू विघटन होते. पॉलिइथर जात अधिक टिकते. दुकानदाराला हा प्रश्न विचारायलाच हवा.

लेथवर कातून घेतलेल्या नायलॉनच्या बुशचा पर्याय तालुक्याच्या गावी सहज सुचतो, कारण तो स्वस्त आणि हाताशी असतो. परंतु नायलॉन पाणी शोषते. नायलॉन-६ पूर्ण भिजले, तर स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी धरून ठेवते आणि फुगते. मे महिन्यात नेमका बसवलेला बुश ऑगस्टमध्ये नळीला आवळून धरतो. कातीव बुशच हवा असेल, तर ॲसिटल घ्यावे. डेलरिन या नावाने ते ओळखले जाते. ते पाणी फारच कमी शोषते, गुळगुळीत असते आणि माप सोडत नाही. मात्र ते धक्का जवळजवळ जसाच्या तसा सांगाड्याकडे पाठवते.

शेवटची पायरी धातूच्या गोलाकार बेअरिंगची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत युनिबॉलची. यात लवचीकता जवळपास शून्य असते आणि आर्म सर्व दिशांना मोकळा फिरतो. त्यामुळे पॉलियुरेथेनसारखे अडकणे येथे नाही. निव्वळ शर्यतीच्या गाडीसाठी हाच सर्वांत शुद्ध उपाय होय. परंतु धूळ-चिखलात त्याचे अस्तर लवकर झिजते आणि झिजल्यावर खुळखुळा वाजू लागतो. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर, ट्रेलरवरून नेलेल्या गाडीला तो ठीक. आमगावहून देवरीमार्गे नागपूरला जाऊन येणाऱ्या गाडीला तो बसवणे हा हट्टच म्हणावा लागेल.

रॅलीची गाडी या दोहोंच्या मधली. नाशिक परिसरात भरलेल्या रॅलींसह देशभर वर्षानुवर्षे धावलेल्या मारुती जिप्सीला पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंग होत्या. प्रत्येक पाट्याचे एक टोक थेट सांगाड्याला आणि दुसरे शॅकलला, म्हणजे तीन बुशच्या जागा. चार चाकांच्या मिळून बारा. गाडी कलते तेव्हा पाटा थोडा पीळही खातो. त्यामुळे तेथे अतिकडक बुशपेक्षा ताजे, दर्जेदार रबर हेच अधिक शहाणपणाचे. स्पर्धेत उतरणाऱ्याने आपल्या वर्गाच्या नियमांत बुशचा पदार्थ बदलण्यास मुभा आहे की नाही, हे आधी तपासावे.

दैनंदिन वापरातील जलद गाडीसाठी निवड अशी करता येईल : स्टीअरिंग रॅक आणि अँटी-रोल बारला पॉलियुरेथेन, पुढील लोअर आर्मला उपलब्ध असल्यास अधिक कडक जातीचे रबर आणि मागील तिरक्या हालचालीच्या जागी मूळ प्रतीचे नवे रबर. आठ-दहा वर्षे वापरलेल्या गाडीत केवळ नवे रबर घातले तरी स्टीअरिंगमध्ये जो फरक पडतो, तो पाहून अनेकांना पुढच्या खर्चाची गरजच उरत नाही.

बसवतानाची एक चूक मात्र सर्रास होते. गाडी जॅकवर असताना, चाके लोंबत असतानाच रबरी बुशचा बोल्ट पूर्ण आवळला जातो. गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश अकाली फाटतो. बोल्ट आधी सैल ठेवून, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करून मगच तो शेवटचा आवळावा. जुना बुश काढताना रबर जाळून काढण्याची पद्धतही टाळावी. त्याचा धूर विषारी असतो आणि आर्मच्या धातूचे बळ उष्णतेने कमी होऊ शकते. हायड्रॉलिक प्रेस असलेल्या गॅरेजमध्ये हे काम काही मिनिटांचे आहे. त्यानंतर व्हील अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावे आणि काहीशे किलोमीटर चालवल्यावर सर्व बोल्ट एकदा तपासावेत.