डेव्हलपर संपलाय हे कळणार कसं? ब्लॅक अँड व्हाइट फिल्मसाठी मला हव्या असलेल्या ३ सुधारणा

घरातला जुना फिल्म कॅमेरा बाहेर काढून रोल स्वतः धुवायचा विचार करताय? मग हा लेख तुमच्यासाठी आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी पुण्यातल्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये रोल धुतो.

गावचं घर पाडायच्या आदल्या दिवशी मी तिथे ३६ फोटोंचा एक रोल काढला. धुतल्यावर तो पूर्ण पारदर्शक निघाला. कडेचे फ्रेम नंबरसुद्धा नव्हते. हे नंबर कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात आणि डेव्हलपरमध्ये दिसू लागतात. नंबर आहेत पण फोटो नाहीत, तर गडबड कॅमेऱ्यात. नंबरही नाहीत, तर डेव्हलपरने कामच केलं नाही, किंवा चुकून फिक्सर आधी ओतला गेला. माझा डेव्हलपर मेलेला होता. घर आता नाही, त्यामुळे ते फोटो पुन्हा काढता येणार नाहीत.

आधी बेसिक

फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे बारीक कण असतात. प्रकाश लागलेल्या कणांचं डेव्हलपर काळ्या चांदीत रूपांतर करतो. आम्लयुक्त स्टॉप बाथ ही क्रिया थांबवतो. फिक्सर, म्हणजे आपला 'हायपो', उरलेलं सिल्व्हर हॅलाइड काढून टाकतो.

१. रंग बदलणारा डेव्हलपर

१९२७ पासूनच्या डी-७६ सारख्या डेव्हलपरमध्ये हायड्रोक्विनोन असतं. हवा लागून ते तपकिरी होतं, म्हणून थोडा तरी अंदाज येतो. व्हिटॅमिन सी वर आधारित डेव्हलपर कमी विषारी, पण ते पाण्यासारखे स्वच्छ दिसत असतानाच निकामी होऊ शकतात. माझा तसलाच होता. कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर एरर मेसेज नाही आणि आउटपुट कोरं!

काही स्टॉप बाथमध्ये ही सोय आहे. चालू असेपर्यंत पिवळा, संपला की जांभळा. पण तो रंग फक्त आम्लता मोजतो. डेव्हलपर ऑक्सिडेशनने मरतो, म्हणून त्याला वेगळा रंग लागेल, आणि त्याने फिल्मवर डाग पडता कामा नयेत. मला सगळ्यात आधी हीच सुधारणा हवी आहे.

२. आपल्या उन्हाळ्यासाठी केमिकल

धुण्याच्या वेळा बहुतेक २० अंश सेल्सिअससाठी दिलेल्या असतात. मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी ३० च्या आसपास. तापमान वाढलं की वेळ कमी करावी लागते. ती ५ मिनिटांच्या खाली गेली की फिल्म असमान धुतली जाण्याचा धोका असतो, शिवाय जिलेटिन फुगून मऊ पडतं. फुगणं रोखायला सोडियम सल्फेट घालायची जुनी युक्ती आहे. मी बर्फाच्या पिशव्या वापरतो. ३० अंशांना आरामात ८-१० मिनिटं देणारा तयार डेव्हलपर मिळाला तर काम सोपं होईल.

३. एका रोलपुरती पुडी

डी-७६ चं १ लिटरचं पाकीट एकदम कालवावं लागतं. भरलेल्या बाटलीत ते साधारण ६ महिने टिकतं, अर्ध्या बाटलीत २ महिने. महिन्याला एक रोल धुणाऱ्याने काय करायचं? १८९१ चं रोडिनल वर्षानुवर्षं टिकतं, पण त्यात ग्रेन जास्त दिसतो. ओआरएससारखी पुडी हवी: फोडा, कालवा, वापरा, संपलं.

तोपर्यंत काय कराल?

- रोलच्या सुरुवातीचा, कॅमेऱ्यात भरताना उजेड लागलेला छोटा तुकडा कापून ठेवा. दर वेळी रोल धुण्याआधी तो खोलीच्या उजेडातच डेव्हलपरमध्ये टाका. काही मिनिटांत काळा झाला नाही, तर रोल टाकीत भरू नका.
- असाच न धुतलेला तुकडा ताज्या फिक्सरमध्ये किती वेळात पारदर्शक होतो ते लिहून ठेवा. त्याच्या दुप्पट वेळ लागू लागला की फिक्सर बदला.

ही टेस्ट ५ मिनिटांची आहे. त्या दिवशी मी ती केली नव्हती.