नामदार गोखल्यांचे भाषण आणि सरांच्या चिठ्ठ्या

स्मरणिकेसाठी लेख दे, असा फोन आला तेव्हा संपादक मंडळाने विषयही सांगून टाकला. ‘नववीत तू वक्तृत्वाची ढाल आणली होतीस ना, त्यावरच लिही.’ ढाल अजून मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटावर आहे म्हणे. ती मी आणली हे खरे. पण ती कशी आली, हे मी चाळीस वर्षांत कोणाला सांगितलेले नाही. ते सांगायचे तर आधी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याविषयी बरेच सांगावे लागेल. मी पुढे आयुष्यभर इतिहासच शिकवला, त्यामुळे लेख थोडा तासासारखा झाला तर सांभाळून घ्या.

आपल्या शाळेत भाषण म्हणजे काय होते, ते आठवा. 1 ऑगस्ट, लोकमान्यांची पुण्यतिथी, पटांगणात सतरंज्या, आणि ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’. त्यानंतर शेंगा आणि टरफले. एका वर्षी अकरा वक्त्यांपैकी नऊ जणांनी टरफलांची गोष्ट सांगितली आणि दहावा मध्येच अडकला म्हणून त्याची राहून गेली. भाषण कोणीतरी लिहून द्यायचे, आपण ते पाठ करायचे, आणि घंटा वाजेपर्यंत एका श्वासात म्हणून टाकायचे. भाषणाची आपली कल्पना एवढीच होती.

नववीत तालुक्याच्या स्पर्धेला ‘नामदार गोखले’ हा विषय आला. मी इतिहासाच्या सरांकडे वही घेऊन गेले आणि भाषण लिहून द्या म्हणाले. सर म्हणाले, “भाषण नाही देणार. चिठ्ठ्या देतो. भाषण तू कर.” तीन आठवडे रोज मधल्या सुट्टीत ते पोस्टकार्डाचा अर्धा तुकडा हातात ठेवत. एका तुकड्यावर एकच गोष्ट, कधी नुसता आकडा. शेवटी बावीस तुकडे झाले.

पहिल्या चिठ्ठीवर ‘26 मार्च 1902, कलकत्ता’ एवढेच होते.

त्या दिवशी व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर चर्चा होती. अध्यक्षस्थानी स्वतः लॉर्ड कर्झन. अर्थखाते सर एडवर्ड लॉ यांच्याकडे. खजिन्यात सात कोटींची शिल्लक दिसत होती आणि सरकार खुशीत होते. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले पस्तीस वर्षांचे प्राध्यापक गोखले मुंबई प्रांताच्या बिनसरकारी सभासदांच्या मतांवर, फेरोजशहा मेहतांच्या जागी तिथे आले होते. अंदाजपत्रकावर मत द्यायचा अधिकार सभासदांना नव्हता. फक्त बोलायचे, आणि सरकारने ऐकून घ्यायचे. अशा ठिकाणी भाषणाने काय होणार, असे कोणालाही वाटले असते.

गोखल्यांनी सरकारचे अभिनंदन करायला नकार दिला. त्यांचा मुद्दा असा. रुपयाचा भाव एके काळी तेरा पेन्सच्या आसपास उतरला होता, तेव्हा विलायतेला पाठवायच्या रकमेसाठी सरकारला जास्त रुपये लागत. तो खड्डा भरायला लोकांवर कर वाढवले गेले. मिठावरचा कर 1888 मध्ये मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे टांकसाळी बंद करून रुपया सोळा पेन्सवर स्थिर केला. खड्डा गेला, पण कर राहिले. म्हणजे ही शिल्लक भरभराटीची नव्हे. जे कर आता घ्यायचे कारण उरले नाही ते घेत राहिल्याची आहे. आणि तीही कुठल्या वर्षांत? 1896-97 चा दुष्काळ, 1899-1900 चा दुष्काळ, आणि मध्ये प्लेग. रयत मोडली असताना खजिन्यात पैसा साठतो, हा त्यांच्या मते शहाणपणाचा पुरावा नव्हे, अन्याय होता. म्हणून मिठाचा कर उतरवा आणि प्राप्तिकरातून लहान माणसाला सोडा, ही मागणी.

सरांनी मला हे समजावताना वाण्याकडे पाठवले होते. “मिठाचा भाव विचारून ये. मीठ गरीबही तेवढंच खातो आणि सावकारही तेवढंच खातो, हे आधी तुझ्या डोक्यात बसू दे. मग आकडा सांग.” मी भाव विचारून आले, आणि त्या दिवसापासून मला कर हा शब्द कळला. आजही वर्गात अंदाजपत्रक शिकवताना माझी सुरुवात मिठापासूनच होते.

त्या भाषणाची एक खूबी सर पुन्हा पुन्हा सांगत. गोखल्यांनी आपल्या पदरचा आकडा फारसा वापरलाच नाही. सगळे आकडे सरकारच्याच अहवालांतले, सरकारनेच छापलेले. आकडे खोटे म्हणावेत तर आपलेच अहवाल खोटे ठरतात. सर म्हणत, “लोकांना माहीत नाही ते सांगायचं, हे एक भाषण. लोकांना करायचं नाही ते करायला लावायचं, हे दुसरं. बहुतेक जण पहिलं न करताच दुसऱ्यावर उडी मारतात. मग आवाज चढतो.” गोखल्यांचा आवाज चढत नसे. सभा पेटवणाऱ्यांतले ते वक्ते नव्हते. ते काम करणारे दुसरे लोक पुण्यात पुष्कळ होते.

ही सवय त्यांना कुठून लागली? पाठांतर त्यांचे मुळात जबरदस्त होते. बर्कचा ग्रंथ त्यांना तोंडपाठ असे, असे चरित्रकार लिहितात. म्हणजे आपल्या जातकुळीतलेच म्हणायचे. पण पाठांतराने वक्ता होतो, विचार करणारा होतोच असे नाही. ते काम न्यायमूर्ती रानड्यांनी केले. 1887 च्या सुमारापासून गोखले रानड्यांकडे जाऊ लागले ते रानड्यांच्या अखेरीपर्यंत, जवळजवळ चौदा वर्षे. सार्वजनिक सभेचे काम, तिच्या त्रैमासिकाचे संपादन, सरकारी अहवाल वाचून अर्ज आणि निवेदने लिहिणे. रानड्यांच्या पसंतीला उतरेपर्यंत मजकूर पुन्हा पुन्हा लिहायचा. विशीतल्या प्राध्यापकाला हे सोसणे सोपे नव्हते.

तरी एक ठेच लागलीच, आणि ती मोठी होती. 1897 मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले विलायतेला गेले. साक्ष उत्तम झाली; तिच्या तयारीत रानड्यांचा हात होता. त्याच सुमारास पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरच्या गोऱ्या सोजिरांनी घराघरांत केलेल्या अत्याचारांच्या बातम्या त्यांना मित्रांच्या पत्रांतून कळल्या. त्यांतल्या एका भयंकर आरोपाचा उल्लेख त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’कडे केला. सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले, चौकशी केली, पण समोर येऊन सांगायला कोणी तयार होईना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे त्यांनी उघड केली नाहीत, आणि मग जाहीर माफी मागितली. आपलेच लोक त्यांच्यावर तुटून पडले. माफी मागितली हे बरोबर की चूक, यावर पुण्यात कितीतरी वर्षे वाद झाले. मला स्वतःला ती माफी पटत नाही; छळ झाला होता हे कोणाला ठाऊक नव्हते? पण 1902 च्या भाषणात प्रत्येक आकड्याखाली सरकारी कागद का आहे, ते या प्रकरणाकडे पाहिले की कळते. एकदा पोळलेला माणूस बोलत होता.

आता मुख्य गोष्ट. 1902 मध्ये रानडे नव्हते. ते 16 जानेवारी 1901 रोजी गेले. मग एवढ्या आकड्यांच्या जंगलातून वाट कोणी दाखवली? सोलापूरचे रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांनी. (सार्वजनिक काका ते वेगळे, गणेश वासुदेव जोशी. परीक्षेत हा घोटाळा माझे विद्यार्थी दर वर्षी करतात.) हे जोशी शाळामास्तर, पुढे हेडमास्तर. सरकारी नोकरीत असल्यामुळे सभेच्या त्रैमासिकात त्यांचे अर्थशास्त्रावरचे लेख नावाशिवाय येत. शेती, कर, रेल्वे, व्यापार यांवरचे सरकारी अहवाल या माणसाने वर्षानुवर्षे वाचून काढले होते. अंदाजपत्रक हातात आले की गोखले त्यांना विचारत, आणि जोशी टिपणे आणि मुद्दे पुरवत.

भाषण गाजले. देशभर गोखल्यांचे नाव झाले. पुढच्याच वर्षी, 1903 च्या अंदाजपत्रकात मिठाचा कर अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, आणि प्राप्तिकराची मर्यादा 500 रुपयांवरून 1000 रुपयांवर गेली. एकट्या भाषणाने हे झाले असे कोणी म्हणू नये. पण मागितले होते ते हेच.

याच्या उलटही घडले, तेही सरांच्या एका चिठ्ठीवर होते. 1911 मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. तयारी तशीच, आकडे तसेच, कळकळ जास्तच. 1912 मध्ये विधेयक 13 विरुद्ध 38 मतांनी पडले. सर म्हणाले होते, “हे शेवटी सांग. हरलेलं भाषणही सांगायचं असतं.” ते मी स्पर्धेत गाळले. बक्षीस जाईल अशी भीती वाटली.

स्पर्धेत माझे भाषण चांगले झाले. मी मिठापासून सुरुवात केली, टरफले कुठेच आली नाहीत, दुसऱ्या घंटेच्या आत संपवले. निकाल लागला, ढाल हातात आली, आणि एका परीक्षकांनी कौतुकाने विचारले, “बाळ, इतके आकडे कुठून मिळवलेस?” मी म्हणाले, “वाचनालयात बसून काढले.”

सर दाराशी उभे होते. माझ्या सायकलीची चावी त्यांच्याकडेच होती. त्यांनी ऐकले हे मला दिसले. बाहेर आल्यावर ते एवढेच म्हणाले, “घंटेच्या आत संपवलंस ते बरं केलंस.” शाळेत सोमवारी प्रार्थनेनंतर माझे नाव पुकारले गेले, टाळ्या झाल्या. तुम्ही सगळे त्या टाळ्यांत होता. सरांचे नाव कोणी घेतले नाही, कारण मी कोणाला सांगितलेच नव्हते. दहावी झाली, आपण पांगलो.

पुढे एम. ए. करताना पुण्यात गोखल्यांचे एक चरित्र वाचत होते. त्यात 1902 च्या भाषणानंतर गोखल्यांनी जोशींना लिहिलेल्या पत्राचा मजकूर आला. हे भाषण माझ्यापेक्षा तुमचेच अधिक आहे, आणि त्याचे सगळे श्रेय मी माझ्याकडे येऊ देतो आहे, ही लोकांची फसवणूकच करतो आहे असे वाटते, अशा अर्थाचे. मी पुस्तक मिटून ठेवले. त्या दिवशी पुढे वाचले नाही. लहानपणी गणित दुसऱ्याच्या मदतीने सोडवले आणि शाबासकी मिळाली म्हणून गोपाळ रडला, ही गोष्ट आपण प्राथमिक शाळेत ऐकली होती. तिच्याकडे मी लहान मुलांची बोधकथा म्हणून पाहत असे. पस्तिसाव्या वर्षी, सगळा देश वाहवा करत असताना, तो माणूस पुन्हा तेच करत होता. मात्र या वेळी खाजगी पत्रात. कलकत्त्याच्या सभागृहात त्याने जोशींचे नाव घेतले असते तर सरकारी नोकरी केलेल्या त्या मास्तरांची पंचाईत झाली असती, असे मी गोखल्यांच्या बाजूने म्हणू शकते. माझ्या बाजूने म्हणायला काही नाही. सरांचे नाव घेतले असते तर कोणाचीच पंचाईत होणार नव्हती.

पत्र लिहावे असे कितीदा वाटले. दोनदा लिहिलेही, टाकले नाही. आता कळते की सर मेळाव्याला येणार आहेत, नातू घेऊन येणार आहे, ऐकू थोडे कमी येते. मला पाच मिनिटे बोलायला दिली आहेत. घरी माळ्यावरून डबा काढला. बावीसपैकी एकोणीस तुकडे मिळाले. ओले झाल्याने दोनांवरची शाई पसरली आहे, पण वाचता येते. विधेयकाची चिठ्ठी शाबूत आहे. निळ्या शाईत सरांचे तिरके अक्षर: ‘13 – 38. पडले. हेही सांगणे.’ ती सगळ्यात वर ठेवून डबा पिशवीत भरला आहे.