माशांना नुसता कोंडा घातला तर काय होतं? खाद्यातल्या कर्बोदकांचं गणित

कन्हान नदी नागपूर जिल्ह्यातून वाहत अंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. मौदा, रामटेकपासून भंडारा-गोंदियापर्यंतचा हा धानाचा पट्टा. तळी भरपूर आणि राइस मिलचा कोंडा स्वस्त. त्यामुळे मत्स्यपालक माशांना कोंडाच जास्त घालतात. मासेपालनातला निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावर होत असल्याने ही बचत मोठी वाटते. पण प्रमाण चुकलं तर मासा वाढत नाही, नुसती चरबी धरतो.

कर्बोदकं कशासाठी?

कर्बोदकं म्हणजे पिष्ट आणि साखर. माशाच्या जगण्यासाठी ती अत्यावश्यक नाहीत. प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थांपासूनही तो ऊर्जा मिळवतो. मात्र कर्बोदकं ही सर्वांत स्वस्त ऊर्जा आहे. ती पुरेशी मिळाली की महागडी प्रथिनं ऊर्जेसाठी न जळता मांस वाढवायला वापरली जातात. पाण्यात अमोनियाही कमी सुटतो.

जास्त झाली तर?

माणसाच्या तुलनेत माशाला साखर हाताळणं जड जातं. पिष्टमय खाद्यानंतर रक्तात वाढलेली साखर बराच वेळ खाली येत नाही. जादा साखर यकृतात साठते किंवा तिची चरबी होते. यकृत मोठं होतं, वाढ मंदावते आणि रोगप्रतिकारशक्ती घटते.

सगळ्या माशांना एकच प्रमाण चालतं का?

नाही. मरळसारख्या मांसाहारी माशांच्या खाद्यात कर्बोदकं साधारण 20 टक्क्यांच्या आत ठेवतात. रोहू, कटला, मृगळ, गवत्या, सायप्रिनस हे कार्प जातीचे मासे 40 टक्क्यांच्या आसपासही पचवतात. पिष्ट शिजवलेलं असेल तर ते आणखी सोपं पचतं. कारखान्यात वाफ आणि दाब देऊन बनवलेल्या तरंगत्या खाद्याचा हा एक फायदा.

मग कोंडा किती?

चांगल्या कोंड्यात साधारण 13 टक्के प्रथिनं असतात, तर शेंगदाण्याच्या ढेपेत 40 टक्क्यांहून जास्त. दोन्ही समान वजनाने मिसळले की मिश्रणात 27-28 टक्के प्रथिनं येतात. वाढत्या कार्प माशांना साधारण एवढीच लागतात. म्हणून कोंडा आणि ढेप निम्मे-निम्मे ही जुनी पद्धत आजही टिकून आहे. बोटुकलीला मात्र प्रथिनं याहून जास्त हवीत.

नुसत्या कोंड्यावर भागतं ते कुठे?

विरळ बीज सोडलेल्या जुन्या मालगुजारी तलावात. तिथे मासे पाण्यातले सूक्ष्म जीव खाऊन प्रथिनांची गरज भागवतात आणि कोंडा ऊर्जा पुरवतो. दाट बीज सोडलेल्या शेततळ्यात किंवा पिंजऱ्यात हे नैसर्गिक खाद्य पुरत नाही. तिथे ढेप किंवा तयार खाद्य द्यावंच लागतं.

कोंडा घेताना काय पाहावं?

- कोंड्यात तूस मिसळलेलं नको. तेही कर्बोदकच, पण माशाला ते पचत नाही.
- कोंडा ताजा हवा. त्यातलं तेल लवकर खवट होतं.
- खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या 2-3 टक्के रोज द्यावं. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं.

दर महिन्याला जाळं टाकून काही मासे वजन करून पाहावेत. पोट सुटलेलं पण वजन अडलेलं दिसलं, तर कोंडा कमी करून ढेप वाढवावी.